आकलनयुक्त्या आणि इयत्तांची उतरंड

‘एका भिंगरट्या दोपळीने मुरकटाला झुरपले.’ या वाक्यातील ‘एका’ हा शब्द वगळल्यास बाकीचा एकही शब्द मराठीच्या कोशात सापडणार नाही. तरीही ‘मुरकटाला कोणी झुरपले?’ असे विचारल्यास तिसरीतील मूल ‘दोपळीने’ हे उत्तर बिनचूक देईल. आणि ‘दोपळी कशी होती?’ या प्रश्नास, सामान्यरूप सोडवून, ‘भिंगरटी’ असेही सांगेल. मराठीच्या विभक्तिप्रत्ययांनी त्याची तेवढी सोय करून ठेवली आहे. धड्याखाली येणारे ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘कोण कोणास म्हणाले’ हे स्वाध्याय बव्हंशी याच सोयीवर सुटतात. प्रश्नातील शब्द धड्यात शोधावयाचे, ते ज्या वाक्यात सापडतील ते वाक्य प्रश्नार्थक पद गाळून उतरून काढावयाचे, एवढी हातोटी साधली की वही तपासणाऱ्यास मुलाला धडा समजला असे वाटते. समजले काय, हा प्रश्न त्या वहीत उमटतच नाही.

या अडचणीवर गेल्या अर्धशतकात अमेरिकेत जो उपाय मोठ्या आग्रहाने मांडला गेला तो आकलनयुक्त्यांच्या अध्यापनाचा होय. पुढे काय येईल याचा अंदाज करणे, वाचताना स्वतःस प्रश्न विचारणे, अडलेले स्थळ हेरून त्याचा उलगडा करणे, वाचलेल्याचा सारांश सांगणे, मनात चित्र उभे करणे, अशा या युक्त्या होत. कुशल वाचक त्या नकळत योजतो. तेव्हा अकुशल वाचकास त्या उघड करून शिकवाव्यात, म्हणजे तोही कुशल होईल, अशी या उपायामागील विचारसरणी आहे. आपल्याकडील प्रशिक्षणवर्गांतून आणि शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून हा विचार आता पुरता रुळला आहे. मूळ इंग्रजी शब्दाचे ‘कार्यनीती’, ‘व्यूहतंत्र’, ‘युक्ती’ असे नाना अनुवाद होत असतात. त्यांपैकी ‘व्यूह’ हा रणभूमीवरचा शब्द मुलाच्या वाचनास फारच भारदस्त होतो. ‘युक्ती’ बरा, कारण युक्ती ही हेतुपुरःसर योजावयाची गोष्ट आहे हा अर्थ त्यात टिकतो. अफ्लरबाख, पिअर्सन आणि पॅरिस यांनी २००८ साली युक्ती आणि कौशल्य यांत जो भेद केला तो हाच: युक्ती जाणीवपूर्वक योजली जाते, कौशल्य अभ्यासाने आपोआप घडते. हा भेद येथे आरंभीच ध्यानात घ्यावयास हवा, कारण पुढील गोंधळाचा बराचसा भाग तो विसरल्यामुळे झालेला आहे.

वाचन म्हणजे विचार, ही कल्पना तशी जुनी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली एका निबंधात मुलांनी परिच्छेद वाचताना केलेल्या चुकांचा अभ्यास केला. फ्रँकलिन नावाच्या गावी शाळेतील उपस्थितीविषयी नियम काय आहेत, हे सांगणारा एक छोटा परिच्छेद मुलांपुढे ठेवून त्यावर प्रश्न विचारण्यात आले. परिच्छेदाचा विषय कोणता, या प्रश्नाला काही मुलांनी ‘फ्रँकलिन’ असे उत्तर दिले. परिच्छेद समोर होता, प्रत्येक शब्द वाचता येत होता. तथापि एकाच शब्दाने मनाचा ताबा घेतला आणि इतर शब्द त्याच्यापुढे निस्तेज झाले. प्रत्येक शब्दास त्याच्या योग्यतेएवढेच वजन देऊन त्यांचा परस्परसंबंध जुळविणे हे गणितातील उदाहरण सोडविण्यासारखेच काम आहे, असा थॉर्नडाइक यांचा निष्कर्ष होता. निष्कर्ष मार्मिक होता, परंतु त्यातून शिक्षकाने नेमके काय करावे हे निघत नव्हते. आणि पुढील साठ वर्षे वर्गातील व्यवहार आपल्याच मार्गाने चालत राहिला.

तो व्यवहार कसा होता याचे चित्र डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गनिरीक्षणात आढळते. तिसरी ते सहावीच्या वर्गांत प्रत्यक्ष बसून, घड्याळ लावून, शिक्षक कोणत्या मिनिटाला काय करतो याची त्यांनी नोंद केली. चौथीच्या वाचनाच्या तासांची एकूण ४,४६९ मिनिटे पाहिली गेली. त्यांपैकी आकलन शिकविण्यात गेलेली मिनिटे २० भरली. बाकीचा वेळ प्रश्न विचारण्यात, स्वाध्याय नेमून देण्यात आणि तो तपासण्यात गेला. शिक्षक शिकवीत नाही, परीक्षा घेतो, हे त्या कोष्टकाचे सार. शिक्षणशास्त्रातील फार थोड्या आकड्यांनी एवढा परिणाम घडविला असेल.

तथापि या आकड्याच्या पोटात शिरून पाहिले पाहिजे, आणि तसे फारसे कोणी पाहत नाही. डर्किन यांनी ‘आकलनाचे अध्यापन’ या सदराची जी व्याख्या केली तीत, पाठ वाचण्यापूर्वी विषयाची ओळख करून देणे, अपरिचित शब्दांचा अर्थ सांगणे, पार्श्वभूमी समजावणे, या गोष्टी बसत नव्हत्या. त्यांच्यासाठी ‘पूर्वतयारी’ असे वेगळे सदर होते. प्रश्नोत्तरे हेही मूल्यमापनाचे सदर ठरले, अध्यापनाचे नव्हे. म्हणजे आकलन ही पाठाच्या आशयापासून अलग काढता येणारी, स्वतंत्रपणे शिकविता येणारी वस्तू आहे, हे गृहीत व्याख्येतच बसले होते. एकदा ते तेथे बसल्यावर ‘ती वस्तू शिकविली जात नाही’ या तक्रारीचे उत्तर ‘ती वस्तू शोधून काढा आणि शिकवा’ हेच असणार होते. पुढील दशकात ती वस्तू शोधून काढण्यात आली, आणि तिला युक्ती हे नाव मिळाले. डर्किन यांचे निरीक्षण प्रामाणिक आणि मोलाचे आहे. परंतु मोजण्याच्या सदरांनी उपायाची दिशा आधीच ठरवून टाकली होती, हे त्याचबरोबर म्हणावे लागते.

युक्त्यांच्या अध्यापनाचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे अ‍ॅनमरी पॅलिंकसर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला ‘परस्परअध्यापना’चा प्रयोग. सारांश, प्रश्न, उलगडा आणि अंदाज या चार क्रिया. मुलांचे लहान गट. आरंभी शिक्षक त्या क्रिया करून दाखवितो आणि मग मुले आळीपाळीने शिक्षकाची भूमिका घेतात. सुमारे वीस दिवसांत या मुलांच्या आकलनात लक्षणीय वाढ दिसली. वर्गात ज्यांना कधी तोंड उघडावेसे वाटले नव्हते अशी मुले परिच्छेदावर प्रश्न काढू लागली, आणि ते प्रश्न दिवसेंदिवस अधिक नेमके होत गेले; या प्रयोगातील संवादांच्या नोंदी वाचणाऱ्यास त्याचे आकर्षण आजही कळून येईल. त्याआधीच्याच वर्षी पिअर्सन आणि गॅलाघर यांनी शिक्षकाने आपला भार हळूहळू मुलाच्या खांद्यावर कसा सोपवावा, हे सूत्ररूपाने मांडले होते. दोहोंचा मेळ बसला आणि पद्धती सिद्ध झाली.

परंतु ही मुले कोण होती? ती सातवीतील होती. आणि त्यांची निवड करताना एक अट काटेकोरपणे पाळली गेली होती: त्यांना अक्षरवाचन बऱ्यापैकी येत होते, केवळ समजत नव्हते. प्रयोगाचे यश या दोन्ही गोष्टींशी बांधलेले आहे. पुढे जे घडले ते मात्र असे की, पद्धतीस मिळालेली कीर्ती घेऊन ती पाचवीत, तिसरीत, पहिलीत आणि अखेर बालवर्गापर्यंत उतरविण्यात आली. उतरंडीचे वरचे मडके तळाशी ठेवावे तसा हा प्रकार झाला. ‘राष्ट्रीय वाचन समिती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञमंडळाने २००० साली आपला अहवाल दिला. आकलनाच्या अध्यापनाविषयीची दोनशेहून अधिक संशोधने तीत विचारात घेतली गेली, अध्यापनाचे सोळा प्रकार नोंदविले गेले आणि त्यांपैकी सात प्रकारांस भक्कम आधार आहे असे ठरविण्यात आले. त्या अहवालानेही बहुतांश संशोधने तिसरी ते सहावीच्या वर्गांवर झालेली आहेत, हे नमूद केले होते. यादी सर्वत्र पोचली. ही मर्यादा मात्र अहवालातच राहिली.

मोठ्यांची साधने लहानांच्या हाती देण्याची ही प्रवृत्ती परस्परअध्यापनापुरती नाही. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली मांडलेली सर्वेक्षण, प्रश्न, वाचन, कथन आणि उजळणी ही पंचपदी ओहायओमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होती. तीही यथाकाल प्राथमिक शाळेत येऊन पोचली. येथे भारतीय परंपरेतील एका गोष्टीची सहज आठवण होते. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी मीमांसकांनी उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति अशी लिंगे सांगितली आहेत. आरंभ आणि शेवट जुळवून पाहा, पुनःपुन्हा काय येते ते पाहा, नवीन काय सांगितले ते पाहा: या शुद्ध आकलनयुक्त्याच होत, आणि आजच्या कोणत्याही यादीहून त्या कमी रेखीव नाहीत. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी याच कसोट्यांचा आधार घेऊन गीतेच्या तात्पर्याचा विचार आरंभिला. परंतु त्या कसोट्या कोणाच्या हाती होत्या, हे विसरता येत नाही. ग्रंथ मुखोद्गत असलेला, भाषेवर प्रभुत्व असलेला, विषयाची पूर्वपीठिका जाणणारा पंडित त्या वापरीत असे, आणि तोही वादग्रस्त तात्पर्याचा निर्णय करावयाचा असेल तेव्हा. पाठशाळेत नुकत्याच आलेल्या बटूस कोणी ‘अपूर्वता शोध’ असे सांगितले नसावे. त्याच्यासाठी पदच्छेद होता, पदांचा अर्थ होता, अन्वय होता. म्हणजे समोरच्या त्या एका वाक्याशी जखडलेले काम होते. येथे प्राचीनांचा गौरव करण्याचा हेतू नाही. त्या पाठशाळेचे दार किती जणांस बंद होते हे सर्वश्रुत आहे. साधन आणि अधिकारी यांची सांगड त्या परंपरेत तुटलेली नव्हती, एवढाच मुद्दा आहे.

इयत्तांचा क्रम लावताना ही सांगड कोठे तुटते ते आता पाहू जाता येईल. अमेरिकन वाचनमालांच्या तक्त्यांत दुसरीला मध्यवर्ती कल्पना, तिसरीला कार्यकारणभाव, चौथीला अनुमान अशी वाटणी दीर्घकाळ चालत आली. वाटणी सोयीची आहे, परंतु मानसशास्त्रदृष्ट्या ती निराधार म्हणावी लागेल. अनुमान ही चौथीत येणारी क्रिया नव्हे. आजी छत्री शोधू लागली हे पाहून बाहेर जावयाचे आहे असे समजणारे तीन वर्षांचे मूल अनुमानच करीत असते, आणि चप्पल घालून दारात उभे राहते. तेच मूल नऊ वर्षांचे झाल्यावर पाठ्यपुस्तकातील वाक्यावरून अनुमान करू शकत नाही, तर अडचण अनुमानशक्तीत नसून वाक्यात किंवा वाक्याच्या विषयात आहे. क्रियेची इयत्ता ठरत नाही, पाठाची ठरते. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सामाईक अध्ययनमानकांत पाठाच्या काठिण्यास स्वतंत्र मानकाचा दर्जा देण्यात आला. मागील चुकीची ती एक प्रकारे कबुलीच होती. तथापि त्याच मानकांत तिसरीने उत्तराचा आधार पाठात दाखवावा, चौथीने तपशिलांचा निर्देश करून अनुमानही सांगावे, पाचवीने पाठातील शब्द अचूक उद्धृत करावेत, अशी चढती भांजणी आहे, आणि ती वाचताना क्रियापदे बदलली म्हणजे प्रगती झाली असे समजण्याची जुनी सवय गेलेली नाही असेच वाटते.

मग इयत्तेनुसार काही भेद नाहीच काय? आहे, आणि तो फार मोठा आहे. परंतु तो युक्तींच्या यादीत नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाकलनाचे एक साधे समीकरण मांडले: अक्षरवाचन आणि भाषेचे श्रवणाकलन यांचा गुणाकार म्हणजे वाचनाकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. कोणताही एक घटक शून्य असल्यास फळ शून्य. पहिली-दुसरीतील मुलाचे सारे अवधान पहिल्या घटकात गुंतलेले असते. लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी १९७४ सालीच दाखवून दिले होते की, अक्षरवाचन आपोआप होऊ लागल्याखेरीज अर्थाकडे देण्यास अवधान शिल्लक राहत नाही. अशा मुलास ‘वाचताना मनाला प्रश्न विचार’ असे सांगणे म्हणजे सायकलीवर तोल सावरणाऱ्यास रस्त्यावरच्या पाट्या मोजण्यास सांगणे होय.

मराठीच्या बाबतीत या टप्प्याची लांबी इंग्रजीवरून ठरविता येत नाही, ही गोष्ट इयत्तांचे तक्ते जसेच्या तसे उचलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. इंग्रजीत चिन्हे थोडी आणि उच्चाराची अनियमितता फार. देवनागरीत उच्चार बव्हंशी नियमित, परंतु स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे धरून ओळखावयाच्या आकृतींची संख्या शेकड्यांत जाते. सोनाली नाग यांनी कन्नडविषयी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अक्षरज्ञानाचा हा प्रवास प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांत संपत नाही, तो तिसरी-चौथीपर्यंत चालू राहतो. कन्नड आणि मराठी यांच्या लिपिरचनेचे साम्य पाहता मराठीतही फार वेगळे असण्याचे कारण नाही. तेव्हा पहिल्या तीन वर्षांत आकलन वाढवावयाचे तर ते मुख्यतः कानाने वाढवावे लागेल: शिक्षकाने चांगली गोष्ट मोठ्याने वाचावी, मधे थांबावे, ‘आता हा काय करील?’ असे विचारावे, मुलांनी भांडावे. अमेरिकेच्या शिक्षणविज्ञान संस्थेने २०१० साली बालवर्ग ते तिसरी या वर्गांसाठी जी मार्गदर्शिका काढली तीत लहान मुलांना युक्त्या शिकविण्याच्या शिफारशीस भक्कम पुराव्याचा निर्वाळा दिला आहे, हे येथे प्रांजळपणे सांगावयास हवे, कारण वरील विवेचनाविरुद्ध ते एक वजनदार प्रमाण आहे. परंतु त्याच मार्गदर्शिकेत पाठाची रचना, अर्थावरील चर्चा आणि वाचनासाठी पाठाची हेतुपूर्वक निवड यांवरही शिफारशी आहेत. आणि भाषांतरित होऊन जे आपल्यापर्यंत पोचते ते पहिल्या शिफारशीचे शीर्षक तेवढे असते.

तिसरी-चौथीत प्रश्नाचे स्वरूप पालटते. जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनविकासाचे टप्पे सांगताना ‘वाचावयास शिकणे’ आणि ‘शिकण्यासाठी वाचणे’ यांतील उंबरठा साधारण येथेच दाखविला, आणि १९९० साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ग्रंथात गरीब घरांतील मुलांची या उंबरठ्यावर होणारी घसरण वर्णिली. खालच्या इयत्तांत बरोबरीने चाललेली ही मुले चौथीच्या सुमारास मागे पडू लागतात, आणि प्रथम अडतात ती अपरिचित, ग्रांथिक शब्दांवर. महाराष्ट्रात तिसरीस परिसर अभ्यास हा विषय सुरू होतो, तेव्हा याच उंबरठ्यावर मराठी मुलाला बाष्पीभवन, जलसंधारण, स्थानिक प्रशासन असे शब्द एकदम भेटतात. ते घरी कोणी बोलत नाही; वारली किंवा कातकरी बोली बोलणाऱ्या घरी तर नाहीच.

या ठिकाणी विषयज्ञानाचा प्रश्न येतो, आणि युक्तिवाद्यांची बाजू येथेच सर्वांत लंगडी पडते. डॉना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली सातवी-आठवीतील ६४ मुलांस बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचावयास दिले. काही मुले वाचनात हुशार, काही कच्ची. काही बेसबॉलची जाणकार, काही अनभिज्ञ. खेळ जाणणाऱ्या कच्च्या वाचकांनी, खेळ न जाणणाऱ्या हुशार वाचकांस मागे टाकले. हे मराठीत पडताळून पाहावयास बेसबॉलची गरज नाही. ‘कालव्याचे दुसरे आवर्तन उशिरा सुटल्याने शेवटच्या टोकाच्या गावांतील गहू पोचट राहिला’ हे वाक्य नीरेच्या कालव्यावरील फलटण-बारामतीच्या शेतकऱ्याचे मूल, अडखळत वाचले तरी, समजेल. पालघर जिल्ह्यातील वाड्याचे मूल ते घडाघडा वाचील आणि कोरेच राहील. ‘आवर्तन’ म्हणजे पाण्याची पाळी, ती ठरवून सोडली जाते, पाणी टोकास पोचेतो कमी होते, यांपैकी काहीच वाक्यात सांगितलेले नाही. तेच भाताच्या राबासंबंधीचे वाक्य दिले, तर ही मुले आपापल्या जागा बदलतील. आता वाड्याच्या मुलास चारही युक्त्या पाठ आहेत असे समजू. अंदाज कशावरून बांधावयाचा? प्रश्न काढील तो ‘गहू कसा राहिला?’ असा, दोपळीच्या जातीचा. सारांश म्हणजे वाक्याचीच पुनरुक्ती. उलगड्यासाठी तो ‘आवर्तन’ शब्दावर बोट ठेवील, आणि मग कालव्याचे पाणी कसे सुटते हे त्याला कोणीतरी सांगावेच लागेल. युक्तीने त्याला अडले कोठे हे कळले, ही जमेची बाजू खरी. परंतु सुटका ज्ञानानेच झाली.

युक्तींचा लाभ खरा पण मर्यादित, हे संशोधनाच्या आकड्यांतूनही दिसते. बराक रोझेनशाइन आणि कार्ला मेस्टर यांनी १९९४ साली परस्परअध्यापनाच्या १६ अभ्यासांचा आढावा घेतला. संशोधकांनी स्वतः तयार केलेल्या चाचण्यांवर परिणामाचा मध्यांक ०.८८ आला, प्रमाणित चाचण्यांवर तो ०.३२ भरला. शिकविल्यासारखीच परीक्षा घेतली की यश मोठे दिसते, हा चाचणीशास्त्रातील जुना अनुभव येथेही आला. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, तासांची संख्या वाढविल्याने परिणाम वाढलेला दिसला नाही. डॅनियल विलिंगहॅम यांनी यावरून पुढे असे प्रतिपादन केले की, युक्त्या थोडक्यात शिकवून मोकळे व्हावे. त्या कौशल्यासारख्या सरावाने वाढत जात नाहीत. ‘वाचताना अर्थ लागला पाहिजे’ ही जाणीव मुलास झाली की युक्तींचे मुख्य काम संपते. हे म्हणणे पटण्यासारखे आहे. अर्थ लागत नाही याचीच ज्याला खंत नाही अशा मुलास ती खंत लावून देणे ही लहान कामगिरी नव्हे; पण तीच कामगिरी दर आठवड्यास वर्षानुवर्षे करावी लागत नाही.

मार्गारेट मॅकिओन, इझाबेल बेक आणि रॉनेट ब्लेक यांचा २००९ चा अभ्यास या वादात अधिक वजनदार मानला पाहिजे, कारण त्याने दोन्ही मार्ग एकाच पाठांवर समोरासमोर तपासले. पाचवीच्या वर्गांत दोन वर्षे हा प्रयोग चालला. काही वर्गांत सारांश, अंदाज, प्रश्न या युक्तींच्या नावाने चर्चा झाली. काही वर्गांत युक्तीचे नावही न घेता ‘येथे काय चालले आहे? लेखक हे का सांगतो? मागच्या गोष्टीशी हे कसे जुळते?’ असे पाठाच्या आशयाचेच प्रश्न विचारले गेले. वाक्ये पडताळण्याच्या साध्या चाचणीत भेद दिसला नाही. परंतु गोष्ट आठवून सांगण्यात आशयमार्गाची मुले पुढे होती. कारण उघड आहे. ‘आता आपण अंदाज करू’ असे म्हटल्याबरोबर मुलाचे लक्ष गोष्टीतून निघून स्वतःच्या कृतीवर जाते. खिडकीतून बाहेर पाहण्याऐवजी ते काचेकडे पाहू लागते.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा वाद केवळ पुस्तकी नाही. वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे मराठी व कन्नड मुलांचा पहिलीपासून तीन वर्षे मागोवा घेणाऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या साक्षरता-संशोधनात तिसरीपर्यंतही पुष्कळ मुलांस सलग उतारा वाचता येत नसल्याचे, आणि वर्गातील काळ बव्हंशी अक्षरे, नक्कल व सामूहिक पठण यांत जात असल्याचे आढळले. २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालांनी दुसरीच्या पातळीचा मजकूर न वाचू शकणाऱ्या वरच्या वर्गांतील मुलांकडे देशाचे लक्ष वेधले. परंतु ती चाचणी मुख्यतः मोठ्याने वाचून घेणारी आहे, अर्थाची नव्हे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या नावातच समजपूर्वक वाचन आले, हे स्वागतार्हच. पण ‘समज’ हा शब्द कागदावर आला की तो मोजण्याचे आणि शिकविण्याचे तक्ते येतात. ज्या वर्गात मूल अजून जोडाक्षरावर अडते, ज्या शाळेत धड्याखेरीज दुसरे वाचनीय पुस्तक मुलाच्या हाती क्वचित पडते, तेथे भिंतीवर चार युक्तींचा रंगीत तक्ता लावणे सर्वांत स्वस्त असते. कालव्याचे चित्र काढून पाणी टोकास कसे पोचते हे सांगण्यास शिक्षकाला स्वतः ते माहीत असावे लागते, वेळ लागतो, आणि अधिकाऱ्याच्या तपासणीत त्याची नोंद कोठे करावी हे कळत नाही.

सहावी-सातवीत मात्र परस्परअध्यापनाचा प्रयोग मराठीत गंभीरपणे व्हावयास हवा. तेथे अक्षरवाचन सरावलेले असते, इतिहास-भूगोलाचे पाठ लांब असतात आणि मुले एकमेकांस प्रश्न विचारण्यास उत्सुक असतात. मूळ प्रयोगाच्या अटी तेथेच पूर्ण होतात. पदव्युत्तर प्रबंधांतून या पद्धतीची ‘परिणामकारकता’ तपासताना संशोधकानेच केलेली चाचणी, एकच शाळा आणि पंधरवड्याचा कालावधी असे ठरीव साचे वापरले जातात. रोझेनशाइन-मेस्टर यांच्या आढाव्यानंतर अशा प्रबंधांचा निकाल प्रयोगापूर्वीच सांगता येतो. त्यापेक्षा एखाद्या विद्यार्थ्याने डर्किन यांच्याप्रमाणे घड्याळ लावून मराठी शाळेतील चौथीच्या वर्गात महिनाभर बसावे. स्वाध्यायांची मिनिटे मोजणे सोपे जाईल. शिक्षिकेने फळ्यावर कालवा काढला, एका मुलाने ‘आमच्याकडे ओढा आटतो तसं का?’ असे विचारले, आणि दहा मिनिटे वर्ग पाण्याविषयीच बोलत राहिला, तर ती दहा मिनिटे पूर्वतयारीच्या सदरात घालावयाची की अध्यापनाच्या, हे त्याला कोष्टक आखण्यापूर्वी ठरवावे लागेल.